हातचं राखून

के. आर. पुरमच्या आमच्या बाल्कनीतून जुना मद्रास रस्ता दिसतो. टिन फॅक्टरीपाशी तो रोज तुंबतो. 27 सप्टेंबर 2014 च्या शनिवारी मात्र माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. शेजारचे अण्णा, बँकेतून निवृत्त झालेले तमिळ गृहस्थ, टीव्हीसमोर खिळून बसले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, परप्पन अग्रहार तुरुंगाच्या आवारात, न्यायाधीश जॉन मायकल डिकुन्हा यांनी तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललितांना बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात चार वर्षांची कैद आणि शंभर कोटींचा दंड सुनावला होता. अम्माचा खटला तुमच्या बंगळूरनं कशाला ओढून घेतला, असं अण्णांनी मला विचारलं. जणू मीच घेतला होता!

मग मी वाचत बसलो. हा खटला बंगळूरला आला तो एका सरकारी वकिलाच्या मवाळपणामुळे. 2001 मध्ये जयललिता तमिळनाडूच्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. चेन्नईतल्या कोर्टात 76 साक्षीदार उलटतपासणीला परत बोलावले गेले आणि त्यांतले 64 आधीच्या जबानीवरून फिरले. सरकारी वकिलानं त्यांना परत बोलवायला हरकत घेतली नाही, फिरल्यावर फितूरही जाहीर केलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये खटला कर्नाटकात हलवला, तेव्हा या मौनावर नेमकं बोट ठेवलं.

मवाळ सरकारी वकील ओळखायचा कसा? तो लाच घेताना दिसत नाही, आरोपीची बाजू मांडत नाही. तो फक्त एक प्रश्न विचारत नाही. माझ्या चोरीला गेलेल्या स्कूटरच्या खटल्यात मी साक्षीला गेलो, तर आमच्या बाजूच्या वकिलांनी फाइल जिन्यातच पहिल्यांदा उघडली. तो कामाचा बोजा होता, कट नव्हता; पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. शिवाय सरकारी वकिलानं सूडानं पेटावं असंही मला वाटत नाही. त्यानं सत्य पुढं ठेवायचं, आरोपीच्या सोयीचं असलं तरी. एखाद्या भुकेल्या पाकीटमाराच्या जामिनाला त्यानं ताणून विरोध केला नाही, तर माझी तक्रार नाही. पण हा मऊपणा खाली क्वचित झिरपतो. तो वरच चढतो.

बंगळूरलाही गोष्ट सरळ राहिली नाही. सरकारी वकील बी. व्ही. आचार्यांनी राजीनामा दिल्यावर त्यांच्या जागी 2013 मध्ये भवानी सिंग आले. विरोधी द्रमुकनं ते सौम्य असल्याचा आरोप केला, कर्नाटक सरकारनं त्यांची नेमणूक मागे घेतली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? स्वतः आरोपी! आपल्याविरुद्ध लढणारा वकील बदलू नका, म्हणून. न्यायालयानं त्यांचं म्हणणं मान्य केलं. न्यायमूर्ती चौहान यांच्याबरोबर आपले नागपूरचे शरद बोबडे त्या पीठावर होते. सौम्यपणाचा आरोप आरोपच राहिला. पण ही विनंती माझ्या डोक्यातून जात नाही. पुढं एप्रिल 2015 मध्ये त्याच न्यायालयानं ठरवलं की शिक्षेविरुद्धच्या कर्नाटक उच्च न्यायालयातल्या अपिलात भवानी सिंगांना नेमायचा अधिकार तमिळनाडूला नव्हताच. तोवर युक्तिवाद उरकले होते.

11 मे 2015 ला उच्च न्यायालयानं जयललितांसह सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. अण्णांनी पेढे वाटले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निकालात आरोपींचं उत्पन्न म्हणून धरलेल्या कर्जांची यादी पेपरात आली: दहा आकडे, बेरीज 24 कोटी 17 लाख. अण्णांनी सवयीनं कॅलेंडरच्या पाठीवर बेरीज मांडली. एकदा. मग खालून वर. उत्तर दहा कोटी सदुसष्ट लाखच येत होतं. हातचा कुठं गेला, असं पुटपुटत त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली.