कच्चं काम

आमच्या साताऱ्यात शिकवणी म्हणजे बाईंच्या माजघरातली सतरंजी. मराठी शाळांत इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू व्हायचं (पहिलीपासून आलं ते 2000 साली), त्यामुळे बहुतेक मुलं इंग्रजीसाठीच यायची. मला मात्र भूमितीसाठी घातलं होतं.

बाई समोर बसायच्या. वही त्यांना उलटी दिसायची, पण नजर पेन्सिलीच्या टोकावर. सिद्धता लिहिताना हात एखाद्या पायरीवर अडला की लगेच विचारायच्या, "कोन समान कशामुळे?" कंसात कारण लिहिल्याशिवाय पुढची ओळ नाही. खोडरबराला बंदी होती. चुकलं तर आडवी रेघ मारायची. आपण कुठे भरकटलो ते त्यांना त्या खोडलेल्या ओळीतच सापडायचं.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, पुढच्या वर्षी तर दहावीची परीक्षाच झाली नाही. शिकवण्या मोबाइलवर गेल्या आणि शाळा उघडल्यावरही कितीतरी तिथेच राहिल्या. माझी भाची पाटणजवळच्या गावात राहते, तिचे गणिताचे सर पुण्याहून शिकवतात. आमच्या वेळी शेवटची एसटी चुकेल या धास्तीने तिकडच्या मुली शिकवणीला यायच्याच नाहीत. ही मात्र समजलं नाही तर तोच भाग रात्री पुन्हा लावून बघते. चारचौघांत शंका विचारायला लाजणाऱ्या मुलीसाठी ही फार मोठी सोय आहे, आणि ती तिला मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे.

खटकतं ते वेगळंच. गणित ती आधी कोऱ्या कागदावर सोडवते, मग वहीत सुवाच्य उतरवते आणि फोटो पाठवते. सरांकडून "छान" असा शेरा येतो. दिवाळीत मी तिचा तो कच्चा कागद पाहिला. समरूप त्रिकोणांच्या बाजूंचं गुणोत्तर तिने उलटसुलट मांडून पाहिलं होतं आणि पुस्तकामागच्या उत्तराशी जुळलं तेच वहीत उतरवलं होतं. संगत बाजू कोणत्या, हेच तिला कळलेलं नव्हतं. सर जीव तोडून शिकवतात, पण तिची पेन्सिल कुठे अडते ते त्यांना दिसणार कसं?

मी तिला कच्च्या कागदाचाही फोटो पाठवायला सांगितलं. सरांना ते इतकं पटलं की आता सगळीच मुलं कच्चं काम पाठवतात. तपासायला वेळ जास्त लागतो, म्हणून सरांनी तुकडीतली मुलं कमी केली आहेत.