कागदांच्या वाटेने मुंबईस

खानदेशातील भिल्लांविषयीचे कागद दोनशे वर्षांपासून मुंबईस जात आले आहेत. त्यांची मुले मात्र तेथे क्वचितच गेली, आणि जी गेली ती बहुधा मजुरीसाठी. म्हणून आमच्या एरंडोलच्या वसतिगृहातील आदिवासी विद्यार्थ्यांच्या शालेय मंत्रिमंडळास राजधानीच्या शहरी नेऊन आणावे, असा प्रस्ताव शिक्षकांच्या बैठकीत निघाला, तेव्हा मी त्याचा आग्रहाने पुरस्कार केला. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना भीती वाटत होती की, ही मुले एवढ्या गर्दीत बुजून जातील. ज्या आश्रमशाळांतून निघालेली चंद्रपूर जिल्ह्याची मुले 2018 च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या शिखरावर उभी राहिली, तशाच शाळांतून ही मुलेही आलेली आहेत, एवढेच मी त्यांना नम्रपणे सांगितले.

या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री चोपडा तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याची एक पावरा मुलगी आहे; भोजनमंत्री एरंडोलच्याच भिलाटीतला, आणि आरोग्यखाते यावलकडील एका तडवी मुलीकडे. कोठीतून धान्य मोजून घेणे, रात्री तापाने फणफणलेल्या लहान मुलास अधीक्षकांच्या दारी नेणे, पाण्याच्या पाळीवरून उठलेला तंटा मिटविणे, ही कामे ती रोजच करीत असल्यामुळे नेतृत्व म्हणजे काय हे त्यांना शिकविण्याची आवश्यकता नव्हती. आपल्या वस्तीसंबंधीचे निर्णय ज्या दालनांत होतात, त्या दालनांत पाऊल टाकण्याचा आपल्यालाही अधिकार आहे, हा प्रत्यय मात्र त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आला नसता.

अंजनीच्या पुलावरून गाडी निघाली तेव्हा पांडववाड्याच्या बाजूस ऊन कलले होते. जळगावच्या वाटेवर उत्तरेकडे हात करून मी मुलांना सांगितले की, तिकडे थोड्याच अंतरावर धरणगाव आहे, आणि तेथेच 1825 साली लेफ्टनंट जेम्स औट्रम याने भिल्लांची पलटण उभारली. पेशवाई बुडून 1818 मध्ये खानदेशचा मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, परंतु डोंगर ताब्यात येईनात. तेव्हा ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावची जागल होती त्यांनाच गणवेश देऊन त्यांच्याच भाऊबंदांच्या बंदोबस्तास लावावे, असे धोरण मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत ठरले. मुले शांतपणे ऐकत होती. खाज्या नाईकाचे नाव निघताच मात्र पावऱ्यांची मुले ताठ बसली. सेंधव्याच्या घाटाच्या रखवालीस असलेला हा नाईक सत्तावनच्या धामधुमीत कंपनीविरुद्ध उठला आणि 1858 च्या एप्रिलात आंबापाणीची लढाई झाली, ही हकीकत त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली होती आणि ती माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक तपशिलाने ठाऊक होती.

जळगावची रात्रीची आगगाडी पहाटे इगतपुरीस पोहोचली. पुढचा थळ घाट, जेथे सदतीस फुटांत एक फूट असा लोहमार्गाचा उतार आहे, तो उतरताना एकही मूल झोपलेले नव्हते. दरीतल्या झोपड्यांतून धूर निघू लागला होता. येथेही आपलीच माणसे राहतात का, असे भोजनमंत्र्याने विचारले, आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशी नावे मी सांगितली तेव्हा ती त्याने वहीत उतरून घेतली.

बोरीबंदरचे ते भव्य स्थानक, जे फ्रेडरिक स्टीव्हन्स या स्थापत्यकाराच्या आराखड्यावरून 1888 साली पुरे झाले, ते मुलांनी माना वर करून पाहिले. गेट वे, वस्तुसंग्रहालय, गिरगावची चौपाटी यांविषयी येथे विस्तार करीत नाही. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या मुलांचा आनंद ज्याने पाहिला आहे त्याला तो सांगावा लागत नाही. माझे मन गुंतले ते टाउन हॉलमध्ये. 1833 साली बांधून झालेल्या त्या इमारतीच्या रुंद पायऱ्या चढून, प्रचंड स्तंभांमधून आम्ही आत गेलो, जेथे एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह आहे आणि जेथे एल्फिन्स्टन यांचा संगमरवरी पुतळाही आहे. आदल्या दिवशी गाडीत ज्यांचे नाव ऐकले तेच हे, हे कळल्यावर आमची मुख्यमंत्री त्या शुभ्र मूर्तीसमोर बराच वेळ उभी राहिली.

“सर, आमच्या माणसांची पलटण करायची, हे यांनी कोणाला विचारून ठरवलं?” तिने विचारले.

एल्फिन्स्टन हे विद्याव्यासंगी आणि त्या काळाच्या मानाने उदार राज्यकर्ते होते, याविषयी मला संदेह नाही. तथापि त्या मुलीच्या प्रश्नास त्यांच्या औदार्याने उत्तर मिळत नाही. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्यांना विचारण्याची रीत तेव्हा नव्हती, आता ती घटनेने घालून दिली आहे आणि उद्या आपण त्या जागी जाणार आहोत, असे मी तिला म्हणालो.

परतताना आझाद मैदान लागले. वनजमिनीच्या हक्काचा कायदा 2006 साली झाला, परंतु दाव्यांची दप्तरे जागची हलेनात, म्हणून 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, ज्यांत आदिवासी फार मोठ्या संख्येने होते, पायी चालत याच मैदानावर आले. दहावीच्या परीक्षार्थींना सकाळी अडथळा होऊ नये म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीतून चालून काढली. भेगाळलेल्या पायांनी परक्यांच्या मुलांची एवढी चिंता वाहणे, यापरते सार्वजनिक शिष्टाचाराचे उदाहरण मला आठवत नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खानदेशातील आदिवासींचाही मोर्चा येथे आला होता. मी हे सांगत असतानाच आरोग्यमंत्र्याच्या शेजारी उभा असलेला एक अबोल मुलगा एकाएकी म्हणाला, “सर, मना बाप आठेच निजेल व्हता.” मग त्याने ती जागा शोधण्याचा प्रयत्न केला. बापाने कोणत्या झाडाची खूण सांगितली होती ती त्याला आठवत होती, आणि ते झाड सापडेपर्यंत आम्ही कोणीही घाईची भाषा काढली नाही.

दुसऱ्या दिवशी विधानभवनात प्रवेशपत्रांची तपासणी होऊन आम्हांस सभागृहाच्या प्रेक्षक-सज्जात नेण्यात आले. अधिवेशन चालू नव्हते. 288 आसनांच्या त्या सभागृहात अनुसूचित जमातींसाठी 25 जागा राखीव आहेत, आणि त्यांत आमच्या जिल्ह्यातील चोपडा, धुळ्यातील साक्री व शिरपूर, शिवाय नंदुरबार जिल्ह्यातील चारही मतदारसंघ येतात. चोपड्याचे आमदार कोठे बसतात, असे मुख्यमंत्र्याने विचारले. संविधान सभेत आदिवासींची बाजू निर्भयपणे मांडणारे जयपालसिंग मुंडा हेही एका डोंगरी गावातूनच आले होते, हे मी सांगितले तेव्हा माझ्या सांगण्यापेक्षा रिकाम्या बाकांकडेच तिचे लक्ष अधिक होते, आणि मला ते आवडले.

शेवटचा दिवस आम्ही आरे येथे घालविला. दुग्धवसाहत वसण्यापूर्वीपासून तेथे वारल्यांचे पाडे आहेत. चहूकडून शहर चढत आले तरी झाडे, परस, वाघोबाचे स्थान, सारे त्यांनी राखले आहे. ओसरीवर बसलेल्या एका आजींच्या वारली बोलीतले निम्मे शब्द आमच्या मुलांना कळत होते. वाघदेव आमच्याकडेही पुजतात, असे पावरा मुलांनी सांगताच आजी मोकळ्या झाल्या: येथे बिबट्या येतो, कधी कुत्रे नेतो, पण माणसाने आपली वाट सांभाळावी म्हणजे झाले. आपल्या घराला नंबर आहे का, सातबारा आहे का, ग्रामसभा भरते का, असे नेमके प्रश्न मुलांनी विचारले. पाडा महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने ग्रामसभा नाही, हे कळल्यावर ती परस्परांकडे पाहू लागली. ज्या मुंबईत आपण पाहुणे म्हणून आलो तिच्या पोटातच आपल्यासारखी माणसे आहेत, आणि पेसाच्या 1996 च्या कायद्याने आपल्या डोंगरातल्या गावांना जी ग्रामसभा दिली तीही त्यांच्या वाट्यास आलेली नाही, ही गोष्ट माझ्या कोणत्याही व्याख्यानाने त्यांना इतकी उमगली नसती. शैक्षणिक सहली आखणाऱ्यांनी मॉल आणि करमणुकीची उद्याने थोडी बाजूस ठेवून अशा पाड्यांस एक संपूर्ण दिवस द्यावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

परतीच्या गाडीत कल्याण सुटल्यावर मंत्रिमंडळाची बैठक भरली. मुख्यमंत्री वरच्या बाकावर, बाकीचे खाली आणि वाटेत. एका प्रवासी बाईंनी आपली वळकटी सरकवून जागा करून दिली. सुटीत घरी गेल्यावर आपापल्या गावच्या ग्रामसभेस हजर राहावे, मत देण्याचे वय नसले तरी वहीत काय ठरले ते लिहून आणावे, आणि ज्यांच्या घरी वनदावा आहे त्यांनी त्याचा क्रमांक व तारीख विचारून घ्यावी, असे ठरले. भिलाटीच्या भोजनमंत्र्याने हरकत घेतली की, एरंडोल हे नगरपालिकेचे गाव, तेथे ग्रामसभा नाही, मग त्याने कोठे जावे? बराच खल झाला. अखेर त्याने नगरपालिकेच्या सभेस प्रेक्षक म्हणून बसण्याची परवानगी मागावी, त्यासाठी अर्ज सर्वांनी मिळून लिहावा, आणि त्यावर सह्या सगळ्यांच्या असाव्यात, असे ठरले. कसाऱ्यास गाडी थांबली तेव्हा अर्जाचा मसुदा अर्धा झाला होता, आणि मनमाड येण्यापूर्वी तो स्वच्छ अक्षरात लिहून माझ्याकडे तपासण्यास आला. मी त्यातील एक ऱ्हस्व-दीर्घ तेवढा दुरुस्त केला.