वीट आला कीं वीट आली ?

गवंडी "वीट आली" म्हणाला, तर गाडी दारांत उभी आहे, आतां भिंत चढूं लागेल, असें समजावें. आणि तोच "वीट आला" म्हणाला, तर त्या दिवशीं भिंत चढावयाची नाहीं हें ओळखून घ्यावें. शब्द तोच, अक्षरें तींच, उच्चारांतही तिळमात्र अंतर नाहीं. मातीची वीट आणि मनाचा वीट यांना वेगळें करितें तें केवळ लिंग. आणि तेंही नामाच्या अंगावर कोठें दिसत नाहीं, शेजारच्या क्रियापदाच्या शेवटच्या स्वरांत लपून बसलेलें असतें.

अशा जुळ्या शब्दांची मराठींत वाण नाहीं. माळ म्हणजे उघडें, उंचवट्याचें रान, आणि माळ म्हणजे ओंवलेल्या फुलांची अथवा मण्यांची सर. पहिला पुरुष, दुसरी स्त्री. म्हणून गुरें माळावर चरतात आणि मणी माळेंत असतात. सामन्याच्या शेवटीं एका संघाच्या गळ्यांत हार पडतो आणि दुसऱ्याच्या वांट्यास हार येते. जुन्या शाळांतून ज्याचा पाठ तयार नसे त्याला आपली पाठ तयार ठेवावी लागे. हें आम्ही विनोदानें लिहीत आहों. आमच्या आजोबांनीं तें विनोदानें घेतलें नव्हतें.

विद्यार्थी आम्हांस नेहमीं विचारतात कीं, दगड पुल्लिंगी कां, भिंत स्त्रीलिंगी कां, आणि घर नपुंसकलिंगी कां ? निसर्गांत ह्याचें कारण शोधूं गेल्यास तें सांपडत नाहीं. त्यामुळें लिंगविचार हा व्याकरणकारांनीं मुलांच्या छळासाठीं काढलेला उद्योग आहे, असा त्यांचा ग्रह होऊन बसतो. ह्या ग्रहाला उत्तर म्हणून आमच्या डोळ्यांदेखत घडलेली एक हकीकत सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत चेन्नईहून एक मुलगा नवा आला. त्याच्या घरीं तमिळ बोलत. तमिळ भाषेंत निर्जीव वस्तू, झाडें, शरीराचे अवयव हीं सर्व एकाच गटांत पडतात. हात पुरुष आणि मान स्त्री, असली वांटणी तेथें नाहीं. मुलगा मोठा हुशार. सहा महिन्यांत तो भराभर मराठी बोलूं लागला, पण लिंग मात्र त्याच्या हातीं लागेना. एके दिवशीं मधल्या सुटीनंतर तो वर्गाच्या मॉनिटरपाशीं गेला आणि म्हणाला, "माझा मान दुखावला." मॉनिटर न्यायी होता. "कोणीं दुखावला ?" असें त्यानें गंभीरपणें विचारिलें. हुतूतू खेळतांना ज्याच्याशीं टक्कर झाली होती त्या मुलाचें नांव नव्या मुलानें सांगितलें. झालें ! त्या बिचाऱ्याला बोलावून आणिलें, भर वर्गांत हात जोडून क्षमा मागावयास लाविलें, आणि न्याय झाला म्हणून सर्व मंडळी संतुष्ट होऊन जागेवर बसली. फिर्यादी मात्र गोंधळून इकडेतिकडे पाहत होता. उजवीकडे पाहतांना तो डोकें वळवीत नव्हता, खांद्यांसकट सारें अंग वळवीत होता; तें आम्हीं दारांतून पाहिलें, आणि उलगडा झाला. त्याचा मान दुखावला नव्हता, त्याची मान दुखावली होती ! क्षमायाचना झाली होती, उपचार राहिला होता. त्याला लागलीच दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं मानेस पट्टा बांधिला, तीन आठवडे खेळ बंद केला, आणि मानेचें दुखणें एक दिवसही अंगावर काढावयाचें नसतें असें सर्वांस बजावलें.

हा लेख आम्ही जुन्या वळणाच्या अनुस्वारांनीं लिहीत आहों, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्यालाही कारण आहे. पूर्वीं नांव म्हणजे नाम आणि नाव म्हणजे होडी. पांच ही संख्या आणि पाच हें हिरवें रत्न. कांच खिडकीची आणि काच जाचाचा, असा लिहिण्यांतच भेद असे. १९६२ सालीं महाराष्ट्र शासनानें मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम मान्य केले, १९७२ सालीं त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नव्हता ते गळाले. त्याबद्दल आम्ही अश्रु ढाळीत नाहीं. जें टिंब कोणी उच्चारीत नाहीं त्याच्यापायीं मुलांनीं गुण कां गमवावे ? आतां हे जुळे शब्द कागदावरही हुबेहूब सारखे दिसतात, तरी घोटाळा होत नाहीं. नाव "बुडाली" म्हटलें कीं नावाडी धांवतो, आणि नाव "बुडालें" म्हटलें कीं घरांतील वडील माणूस मान खालीं घालतें. अनुस्वार सेवानिवृत्त झाला. लिंग पहाऱ्यावर राहिलें.

परकीयांना ह्या पहारेकऱ्याची किंमत चांगली ठाऊक होती. जेम्स मोल्सवर्थ यांनीं जॉर्ज व थॉमस कँडी यांच्या साहाय्यानें रचिलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं मुंबईस निघाला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. त्यांत नाम आलें कीं अर्थाच्या आधीं त्याचें लिंग दिलेलें असतें. मराठी आईच्या लेंकराला अशी खूण लागत नसे. शब्द आणि त्याचें लिंग तें एकाच घोटांत पीत असे. परंतु अलीकडे मराठी मुलाच्याही तोंडून "बाबा, माझा पाठ दुखतो" असें ऐकूं येतें आणि आईबाप कौतुकानें हंसतात. हें हंसणें आम्हांस पसंत नाहीं. तेथल्या तेथें "माझी पाठ दुखते" असें म्हणवून घ्यावें, आणि मग पाठ चोळून द्यावी.

सर्वच ठिकाणीं हा पहारेकरी उपयोगी पडतो असें मात्र नाहीं. "पाव किलो पाव" ह्यांतील पहिला पाव संस्कृत पादापासून आला आणि दुसरा पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरला. येथें शेजार पाहूनच अर्थ लावावा लागतो. "जरा थांब" यांतील जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा यांचा भेद कानाला कळतो, कारण पहिला ज दंततालव्य व दुसरा तालव्य. लिपीला तो दाखवितां येत नाहीं.

नवे शब्द दारांत येतात त्यांनाही मराठी आधीं लिंग विचारते. बस आली, फोन आला, तिकीट मिळालें, हे तिघे निमूटपणें आपापल्या जागीं बसले. बस ही गाडीच्या नात्यानें स्त्रीलिंगी झाली असावी, असें आमचें अनुमान आहे. पेनाचा तंटा मात्र अद्याप मिटलेला नाहीं. आमच्या शिक्षकवर्गांत निम्मे जण "तो पेन" म्हणतात, निम्मे "तें पेन" म्हणतात, आणि दोन्ही पक्षांचे पेन एकाच टेबलावरून नाहींसे होतात. पालकांच्या घरीं ह्या वादाचा काय निवाडा होतो, तें त्यांनीं अवश्य कळवावें.