देवाचा कायदा आणि माणसाचा अर्थ

राज्य कोणाचे असावे, या प्रश्नाला मनुष्यजातीने आजवर नाना उत्तरे दिली आहेत. कोणी म्हणाले राजाचे, कोणी सरदारांचे, कोणी प्रजेचे, तर कोणी श्रमिकांचे. या सर्वांहून जुने आणि ऐकताक्षणीच मनाला धीर देणारे उत्तर म्हणजे, राज्य देवाचे असावे. राजा लोभी निघेल, प्रजा भांबावेल. परंतु देव पक्षपात करणार नाही आणि त्याचा कायदा दर वर्षी पालटणार नाही. ज्यांच्या घरी स्मृतिग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, त्यांना तरी हे उत्तर परके वाटू नये.

आमचे आजोबा वकिली करीत. त्यांच्या कपाटात मिताक्षरेच्या शेजारी बायबलचे मराठी भाषांतर असे, आणि दोन्ही ग्रंथ ते सारख्याच गंभीरपणे, कायदा म्हणून वाचीत. त्यांच्यामुळे मलाही ती गोडी लागली. ‘जुन्या करारा’तील निर्गम, लेवीय आणि अनुवाद ही पुस्तके वाचू लागले म्हणजे ध्यानात येते की, तेथे केवळ उपासना सांगितलेली नाही, एका समाजाचा सगळा व्यवहारच सांगितला आहे. चोराने चोरलेल्याच्या दुप्पट भरून द्यावे. गरीब बांधवाकडून व्याज घेऊ नये. सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यावे. विकलेली जमीन पन्नासाव्या वर्षी मूळ कुळाकडे परत जावी. दामदुपटीचा नियम ठाऊक असलेल्या माणसाला हे वाचताना ओळखीच्या गल्लीतून गेल्यासारखे वाटते.

हा कायदा खरोखरच एखाद्या राज्याला लावून पाहिला तर काय होईल? हा प्रश्न कल्पनेतला नाही. इंग्लंडमधील प्युरिटन पंथाचे सुमारे हजार लोक १६३० साली जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांनी मॅसॅच्युसेट्स येथे नेमका हाच प्रयोग केला. १६३१ साली त्यांनी ठरविले की, चर्चचा जो सभासद असेल त्यालाच राज्यकारभारात मताधिकार. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हे पुरोहितांचे राज्य नव्हते. धर्मोपदेशकांना तेथे शासनाचे पद मिळत नसे. ते सल्ला देत आणि न्यायाधीश राज्य करीत. राज्य मात्र उभयतांच्या मते देवाचे होते.

पहिला तंटा उपस्थित झाला तो हा कायदा लिहून काढावा की नाही, यावरून. विन्थ्रॉप हे सज्जन व विचारी गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे असे की, दोन अपराध कधी सारखे नसतात. तेव्हा शिक्षा किती द्यावी हे देवभीरू न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवावे. गावोगावच्या प्रतिनिधींना हे पटेना. तेही तितकेच धर्मनिष्ठ होते; परंतु न्यायाधीश देवभीरू असला तरी देव नव्हे, एवढे त्यांना कळत होते. १६३६ साली जॉन कॉटन या विद्वान धर्मोपदेशकाने मोशेच्या कायद्यावर आधारलेला एक मसुदा सादर केला. तो स्वीकारला गेला नाही. अखेर १६४१ साली नॅथॅनियल वॉर्ड यांनी रचलेली ‘स्वातंत्र्यसंहिता’ मान्य झाली. वॉर्ड हे धर्मोपदेशक असले तरी मूळचे कायद्याचे अभ्यासक होते.

ती संहिता आज वाचताना मन एकाच वेळी हरखते आणि दचकते. पतीने पत्नीस मारू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मुक्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये, असेही आहे. त्या काळी इंग्लंडात मोठ्या चोरीबद्दल फाशी होत असे. या संहितेतील मृत्युदंडाच्या यादीत मात्र चोरी नव्हती. परंतु त्याच यादीत अन्य दैवताची पूजा, ईश्वरनिंदा, जादूटोणा व व्यभिचार हे अपराध आहेत, आणि बहुतेक प्रत्येकापुढे बायबलातील अध्याय व वचन यांचा आधार दिला आहे. त्याच ग्रंथाच्या आधाराने न्याय्य युद्धातील कैद्यांना आणि विकत आलेल्या परक्यांना गुलाम ठेवण्याची मुभाही आहे. व्याजाचा प्रकार तर मोठा मजेदार. देवाच्या कायद्याविरुद्ध व्याजबट्ट्यास हे कलम आधार समजू नये, असे बजावून, थकलेल्या कर्जावर दरसाल शेकडा ८ पर्यंत रक्कम मात्र देवविली आहे! ग्रंथ आणि बाजार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाची ओढाताण त्या एका कलमात दिसते.

या ओढाताणीत भरडला गेला तो रॉबर्ट केन नावाचा बॉस्टनचा व्यापारी. १६३९ साली त्याच्यावर आरोप आला की, परदेशी मालावर तो अवाजवी नफा घेतो. त्याला २०० पौंड दंड झाला. पुढे तो ८० पौंडांवर आणण्यात आला. चर्चनेही त्याची भरसभेत कानउघाडणी केली. कॉटन यांनी त्या प्रसंगी प्रवचन करून सांगितले की, जितके स्वस्त मिळेल तितके घ्यावे आणि जितके महाग खपेल तितके विकावे, हे तत्त्वच खोटे आहे. परंतु रास्त भाव म्हणजे नेमका किती? विन्थ्रॉप यांनी आपल्या रोजनिशीत प्रांजळपणे नोंदविले आहे की, घेणारा व विकणारा यांच्यामधील भावाचा निश्चित नियम सापडत नव्हता. देवाने लबाड वजने वापरू नका असे सांगितले होते. खिळ्यांचा दर सांगितला नव्हता. तो दर माणसांनी ठरविला आणि शिक्षा देवाच्या नावाने दिली. केनने ते शल्य मरेपर्यंत उराशी बाळगले. १६५३ साली लिहावयास घेतलेल्या आपल्या दीडशेहून अधिक पानांच्या मृत्युपत्रात तो पुनःपुन्हा एकच सांगतो, मी लुच्चा नव्हतो. आणि त्याच मृत्युपत्रात, ज्या गावाने त्याला हिणविले त्या गावाला नगरगृहासाठी त्याने ३०० पौंड ठेविले.

केनचे पैसे गेले. इतरांचे याहून अधिक गेले. राज्याने ईश्वरविषयक आज्ञांची सक्ती करू नये, असे म्हणणारा रॉजर विल्यम्स हा स्वतः कडवा ख्रिस्ती होता. १६३५ साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली, आणि पुढल्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स गाव वसविले. मेरी डायर ही क्वेकर पंथाची स्त्री बंदी मोडून परत आली, म्हणून १ जून १६६० रोजी बॉस्टन येथे तिला फाशी देण्यात आले. मारणारे आणि मरणारी एकाच देवाचे नाव घेत होती. १६९१ च्या नव्या सनदेने मताधिकाराची चर्च-सभासदत्वाची अट काढून टाकली, आणि तो प्रयोग संपला.

प्रयोग संपला, परंतु विचार संपला नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतच रूसस जॉन रशडूनी (१९१६–२००१) यांनी तो पुन्हा मांडला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द इन्स्टिट्यूट्स ऑफ बिब्लिकल लॉ’ या जाडजूड ग्रंथाचे प्रतिपादन असे की, मोशेचा कायदा, त्यातील बहुतेक मृत्युदंडांसह, आजही बंधनकारक आहे. लोकांचे मन पालटल्यावर तो आपोआप अमलात येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. लोकशाहीला मात्र ते धर्मबाह्य मानीत. सरकारने न्याय व संरक्षण एवढेच पाहावे, गरिबांचा सांभाळ दशमांश दानातून व्हावा, शिक्षण कुटुंबाच्या हाती असावे, असे ते म्हणत. त्यांचे जावई गॅरी नॉर्थ यांनी बायबलावर अर्थशास्त्रीय भाष्याचे खंडच्या खंड लिहिले. त्यांचा निष्कर्ष काय? तर भाव बाजाराने ठरवावेत, सरकारने त्यात हात घालू नये, हीच देवाची आज्ञा! केनला दंड करणारे बॉस्टनकर आणि हे नॉर्थ, उभयतांचा ग्रंथ एक. पुढे गेल्या शतकाच्या अखेरीस गरीब राष्ट्रांची कर्जे माफ करा म्हणणाऱ्या चळवळीनेही ‘ज्युबिली’ हे नाव त्याच ग्रंथातील पन्नासाव्या वर्षाच्या नियमावरून घेतले. इतकेच कशाला, १९८१ साली नॉर्थ यांच्या एका लेखातील बायबलच्या अर्थावरून सासरे-जावई यांच्यातही असा बेबनाव झाला की, तो शेवटपर्यंत मिटला नाही.

हे वाचून आपण हसण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेने मुलाला जन्मतःच वडिलार्जित मिळकतीत हक्क दिला. बंगालच्या दायभागाने तो वडिलांच्या निधनानंतर दिला. स्मृतिवचने त्याच परंपरेची. परंतु अर्थ फिरला आणि लक्षावधी घरांच्या वाटण्या फिरल्या.

हा सारा वृत्तान्त मी एकदा आमच्या थोरल्या वहिनींना सांगितला. त्या म्हणाल्या, “भावजी, सासूबाई ‘शास्त्रात असंच आहे’ म्हणायच्या, तेव्हा आम्ही कधी पोथी मागितली नाही. मागितली असती तरी दाखवलं कोणी असतं? तुमच्या त्या बॉस्टनच्या लोकांनी पोथी मागितली, हे फार बरं केलं.”

मला वाटते, या प्रकरणातले मर्म वहिनींनी अचूक पकडले. १६४२ साली त्याच मॅसॅच्युसेट्सने असा कायदा केला की, मुलांना वाचता आले पाहिजे आणि देहदंडाचे कायदे समजले पाहिजेत. १६४६ साली आईबापांवर हात टाकणाऱ्या सोळा वर्षांवरील मुलास मोशेप्रमाणे मृत्युदंड लिहिला; परंतु आईबापांनीच शिक्षणाची हेळसांड केली असेल किंवा जिवावर बेतणारा मार दिला असेल, तर तो बचाव मुलाला ठेविला. त्या कलमाखाली कोणाला फाशी दिल्याची नोंद नाही. कायदा लिहिला की तो वाचता येतो; वाचता आला की त्यातून बचाव शोधता येतो; आणि दुबळ्याला बोलावयास जागा मिळते.

देवाचा कायदा कोणता, याचा निर्णय करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्याचा अर्थ माणूसच सांगतो, आणि सांगणाऱ्याला उलट विचारण्याची सोय जेथे नसते तेथे देवाच्या नावाने माणसाचेच राज्य चालते. मग ते राज्य एखाद्या वसाहतीचे असो, नाहीतर चार खणांच्या घराचे.