माहिती देणारी : आई

केसपेपरवर एक रकाना असतो, रुग्णाची हकीकत कोणी सांगितली त्याचा. मूल आजारी असलं की तिथे बहुतेक वेळा ‘आई’ असं लिहितात. त्याच्या पुढचा शेरा मात्र घरच्यांना कोणी वाचून दाखवत नाही: सांगितलेली माहिती भरवशाची आहे की नाही. आमच्या मुलाच्या पेपरवर तिथे इंग्रजीत ‘नाही’ लिहिलेलं होतं. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीत राहतो. मी छापखान्यात, ही घरून पोळीभाजीचे डबे देते. मुलगा ऑगस्ट २०१४ चा. सात महिन्यांचा असताना चाळीतल्या दोन-तीन पोरांना गोवर आला, तसा त्यालाही आला. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला, ताप उतरला, विसरून गेलो. नऊ महिने पूर्ण झाल्यावर हेल्थ पोस्टवर गोवराचा डोस दिला, कारण सिस्टर म्हणाल्या, गोवर येऊन गेला तरी डोस चुकवायचा नाही. पुढे दुसराही दिला. कार्डावर एक घर रिकामं नाही.

चौथीत, २०२३ च्या दिवाळीनंतर त्याचं अक्षर बिघडलं. पाठ असलेले पाढे अडायला लागले. शाळेतून चिठ्ठी आली की लक्ष नसतं, वस्तू मुद्दाम पाडतो. घरी जेवताना घास हातातून उडायचा, मान एकदम खाली जायची आणि परत वर यायची. एका खाजगी डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढला. मेंदूच्या पांढऱ्या भागात डाग दिसले. ते म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतो, नाहीतर लहान मुलांना एखाद्या तापानंतर तशीच मेंदूला सूज येते, ते असेल. दोन्हींत आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या आवरणावर उलटते. स्टिरॉइडच्या सलाइनी लावल्या. फरक पडला नाही. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. डाग तसेच होते, आणि पाठीतल्या पाण्यात जे प्रथिनांचे पट्टे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सापडतात, ते आमच्या मुलाला खरोखर झालेल्या आजारातही सापडतात, हे मला नंतर कळलं.

पण हिने काय सांगितलं होतं, ते कोणीच ऐकलं नाही. मान झुकायची ती कधीही नाही, ठरावीक अंतराने झुकायची. ही पोळ्या लाटता लाटता मनात आकडे मोजायची. सहा-सात आकडे झाले की झटका. पुन्हा सहा-सात, पुन्हा झटका. तिने ते वहीत लिहून ठेवलं. खाजगी दवाखान्यात सांगितलं, मोठ्या रुग्णालयात गेलो तिथेही सांगितलं. “मुलं चुळबुळ करतातच,” असं उत्तर मिळालं. वही कोणी हातात घेतली नाही.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, गोवर झाला होता? ही म्हणाली, हो. गोवराची लस दिली होती? ही म्हणाली, हो, दोन्ही डोस. एवढ्यावरच तिची माहिती बेभरवशाची ठरली. लस दिली असेल तर गोवर कसा होईल? गोवर आधी, लस नंतर, हे विचारायला आणखी एक प्रश्न पुरला असता. मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे बघून एकही प्रश्न आला नाही. लसीचा प्रश्न आईलाच, आणि असा, की तिने काही चोरलं आहे.

मग ईईजी काढला. पडद्यावर मोठ्या लाटा येत होत्या, मध्ये सपाट, पुन्हा लाट, आणि प्रत्येक लाटेबरोबर त्याची मान झुकत होती. अंतर तेच, हिच्या वहीतलं. मोठ्या मॅडमनी ते पाहिलं आणि हिला विचारलं, “गोवर झाला तेव्हा किती महिन्यांचा होता?” त्यानंतर पाठीतलं पाणी गोवराच्या अँटिबॉडीसाठी पाठवलं. आजाराचं नाव सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस, डॉक्टर एसएसपीई म्हणतात. गोवराचा विषाणू बदललेल्या रूपात मेंदूत वर्षानुवर्षं राहतो आणि शाळकरी वयात मेंदू पोखरायला लागतो. तो बरा करणारं औषध नाही. झटके कमी करायची औषधं आहेत, ती चालू आहेत. आता तो बोलत नाही, नळीतून खातो.

नातेवाइकांपैकी काहींनी लसीलाच दोष दिला. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, अशा मुलांच्या मेंदूत सापडतो तो गोवराचा मूळ विषाणू, लसीतला नव्हे. वर्षाच्या आत गोवर झाला तर धोका सर्वांत जास्त. २०१७ साली छापून आलेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात अशा ६०९ मुलांमागे एकाला एसएसपीई झाल्याचा अंदाज होता. लसीचं वय नऊ महिने. त्याआधीच्या बाळाला वाचवायचं तर भोवतालच्या शंभरातल्या ९५ मुलांचे दोन्ही डोस झालेले हवेत. २०२२ च्या शेवटी गोवंडीकडे गोवराने मुलं गेली, तेव्हा साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस दिला गेला. ती बातमी आली तेव्हा आमचा मुलगा तिसरीत होता, ठणठणीत. २०१५ मध्ये भटवाडीत तसा डोस कोणी दिला असता तर, हा विचार मी रोज करतो.

शिकाऊ डॉक्टरांना माझं सांगणं आहे, आईचं बोलणं एकमेकांशी जुळत नसेल तर तारीख विचारा. तिला सगळं आठवत असतं.

चाळीत गोवर कोणाच्या घरून आला ते आम्हाला माहीत आहे. ती बाई बांधकामावर जायची, लसीच्या दिवशी खाडा केला की मजुरी बुडायची. तिने डोस दिले नव्हते. ही म्हणते, तिचा काय दोष, तिच्याही पोराला गोवर झालाच की. मलाही ते पटतं. राग येतो तो लस दारापर्यंत न पोचवणाऱ्या व्यवस्थेचा. आणि कधी कधी, रात्री त्याचे झटके वाढतात तेव्हा, त्या बाईचाही येतो.