एका छताखाली

आमच्या सांगलीच्या घरी रेकॉर्डींचे दोन कप्पे होते. वरच्यात आत्याची नाट्यपदं, खालच्यात वडिलांचं पाश्चात्त्य संगीत. रावेलच्या ‘बोलेरो’च्या रेकॉर्डवर वाद्यवृंदाचं नाव होतं पॅरिस कॉन्झर्वेटॉयर. एका शाळेच्या नावाने एवढा मोठा वाद्यवृंद ओळखला जातो, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटे. वरच्या कप्प्याची मालकीण वेगळ्याच तालमीतली. ‘स्वयंवर’मधलं पद म्हणायचं तर आत्या आधी रुक्मिणीचं गद्य म्हणे, आणि बोलताबोलताच सुरात शिरे. कुठे बोलणं संपलं आणि गाणं लागलं, ते कळत नसे.

पुढे कॉलेजात त्या शाळेचा इतिहास हाती लागला आणि दोन्ही कप्पे एकमेकांना भिडले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1795 साली, ही शाळा कायद्याने स्थापन झाली. नॅशनल गार्डच्या बँडसाठी वादक तयार करणारे बर्नार सारेत तिचे प्रवर्तक. जागा मिळाली ती राजाच्या उत्सवांची आणि नाटकांची सामग्री तयार करणाऱ्या खात्याच्या आवारात. सहाशे विद्यार्थी, मुलगे आणि मुलीही, आणि शिक्षण फुकट! नेपोलियनच्या काळात नाट्यवाचनाचे वर्गही तिथेच भरू लागले. प्रख्यात अभिनेत्री सारा बर्नार्ड तिथलीच. नियम मात्र कडक. इटलीत जन्मलेल्या केरुबिनींनी संचालक असताना, 1823 मध्ये, बारा वर्षांच्या पियानोवादक लिस्टला परदेशी म्हणून प्रवेश नाकारला. हे वाचून मला आजही चीड येते.

या आवारातलं सभागृह 1811चं, वास्तुविशारद देलान्वा यांचं. 9 मार्च 1828 रोजी वृंदसंचालक आबनेक यांनी इथे बेथोवनची ‘एरोइका’ सादर केली आणि शाळेच्या आजीमाजी विद्यार्थ्यांची मैफल-संस्था सुरू झाली. आबनेक हातात छडी नव्हे, व्हायोलिनचा गज घेऊन वृंद चालवत. दोन वर्षांनी बर्लिओझची ‘सिम्फनी फांतास्तिक’ पहिल्यांदा वाजली ती याच भिंतींत. वडिलांच्या त्या रेकॉर्डवरचा वृंद तो हाच. 1967 मध्ये तो विसर्जित झाला आणि त्याच्या जागी ‘ऑर्केस्ट्र द पारी’ उभा राहिला.

नोकरीच्या निमित्ताने पॅरिसला जाणं झालं, तेव्हा नाट्यशाळेच्या विद्यार्थ्यांचा एक प्रयोग त्या सभागृहात पाहिला. सभागृह अपेक्षेपेक्षा कितीतरी लहान निघालं. सगळीकडे लाकूड, त्यावर एकोणिसाव्या शतकात केलेली पॉम्पेई धाटणीची रंगीत सजावट, रंगमंचाला कवेत घेणाऱ्या गॅलऱ्या. मी वरच्या गॅलरीत होतो. एका मुलीने मोलिएरचं वाक्य बोलताना शेवटचा शब्द अगदी हळू सोडला, जवळजवळ श्वासावर. तो शब्द मला खालच्या रांगेतल्या माणसाइतकाच स्वच्छ आला. माइक कुठेही नव्हता. आवाज लाकडावरून सरकत वर येतो, आणि खोली लहान असल्याने वाटेत हरवत नाही. वाद्यांसाठी बांधलेलं सभागृह बोलण्यालाही तेवढंच जपतं, हे मी कानांनी पडताळलं.

संगीताचे वर्ग 1911 मध्येच माद्रिद रस्त्यावर हलले होते. नाटक जुन्या जागी राहिलं आणि 1946 मध्ये दोन संस्था रीतसर विभक्त झाल्या. 1990 पासून संगीतशाळा ला व्हिलेतल्या क्रिस्तियाँ द पोर्त्झांपार्क यांच्या इमारतीत आहे. लाटेसारखं छप्पर, भरपूर उजेड. जिथे पूर्वी पॅरिसचे कत्तलखाने होते तिथे आता मुलं चेलो पाठीवर घेऊन चालतात. इमारत मला आवडली. संगीतशाळेला मोठी जागा हवीच होती, हेही पटतं. पण नटांना गाण्याचे तास मिळत असले, तरी भिंतीपलीकडे तोच स्वर दिवसभर घोटणारा व्हायोलिनवाला त्यांच्या शेजारी उरला नाही. ही वाटणी व्हायला नको होती, असं मला मनापासून वाटतं.