ऑइलच्या पावत्या

आमच्या गाडीचं इंजिन पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर बसलं, पण वॉरंटी त्याच्या कितीतरी आधी माझ्याच हातून गेली होती. न्यू जर्सीतल्या घरासमोर, ड्राइव्हवेत गाडी रॅम्पवर चढवून मी स्वतः ऑइल बदलायचे. जुनं ऑइल डब्यात भरून टाउनशिपच्या रिसायकलिंग केंद्रावर नेऊन द्यायचे. फिल्टरचं खोकं आणि दुकानाची पावती मात्र कचऱ्यात जायची. काम माझ्याच हातांनी झालंय, डोळ्यांदेखत झालंय, मग त्याचा पुरावा जपायचा तो कुणासाठी, असं मला वाटायचं.

हा भरवसा बाबांकडून आलेला. ते मिरजेच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. डिपस्टिक पुसून पुन्हा कशी घालायची, ऑइल दोन बोटांत चोळून कचकच लागते का हे कसं बघायचं, हे मी त्यांच्याकडून लहानपणीच शिकले. वर्कशॉपमध्ये एक रजिस्टरही असायचं. कोणत्या गाडीत किती ऑइल गेलं, कोणी टाकलं, हे लिहिल्याशिवाय त्यांना ऑइल मिळायचंच नाही. त्या रजिस्टराकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. बाबांचं कसब तेवढं मी उचललं.

गाडी आम्ही जुनी घेतली होती. देशात नवे होतो, क्रेडिट हिस्टरी नव्हती, कर्जाचा दर न परवडणारा होता. अमेरिकेत डीलरने विकायला ठेवलेल्या जुन्या गाडीच्या काचेवर 'बायर्स गाइड' नावाचा कागद लावणं १९८५ पासून केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. गाडी आहे तशी विकली जातेय की वॉरंटीसह, हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि तोंडी आश्वासनं लेखी घ्या असा सल्लाही त्यावरच छापलेला असतो. मी तो कागद घडी करून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला. विक्रेता म्हणाला, कंपनीची पॉवरट्रेन वॉरंटी अजून बाकी आहे, काळजी करू नका. तो खोटं बोलला नव्हता. पाच वर्षं किंवा ६०,००० मैल, यातलं जे आधी संपेल तोवर वॉरंटी होती. पण ती पाच वर्षं मी गाडी घेतली त्या दिवसापासून नव्हे, पहिल्या मालकाने घेतली त्या दिवसापासून मोजायची होती. आणि वेळ आली की त्या पहिल्या मालकाने ऑइल कधी बदललं, हेही मलाच विचारलं जाणार होतं. त्याच्या काळातले सर्व्हिसचे कागद मागायचे, हे मला सुचलंसुद्धा नाही. गाडीचा रंग आईला आवडेल का, हे मात्र मी दोनदा बघून घेतलं होतं.

आई-बाबा आले तेव्हा पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्समधल्या वेंकटेश्वराच्या दर्शनाला जायचं ठरलं. इथल्या बहुतेक मराठी घरांतून आई-वडील आले की ती वारी होतेच. बेडफर्डच्या पुढे अ‍ॅलेगेनीचा चढ लागला आणि बॉनेटखालून टकटक ऐकू यायला लागली. वेग वाढवला की टकटकही वाढायची. मागे बसलेले बाबा पुढे झुकले. "हा बेअरिंगचा ठोका आहे. ऑइल पोचत नाहीय. बंद कर गाडी." तेवढ्यात ऑइलच्या झारीसारखा लाल दिवा लागला. शेजारून ट्रक धडाडत जात होते, शोल्डर अरुंद होता, आई घाबरली होती. मी म्हटलं, "बाबा, पुढच्या एक्झिटपर्यंत नेते हळूहळू." ते पुन्हा म्हणाले, "अगं, आधी बंद कर." मी केली नाही.

तो दिवा ऑइलचा दाब गेल्याची खूण असतो. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं ऑइलच्या पातळ थरावर फिरतात. दाब गेला की तो थर तुटतो, धातूवर धातू घासतो, आणि मग इंजिनाला तास नव्हे, मिनिटं उरतात. टर्नपाइकवर एक्झिट लांब लांब असतात, हे मला माहीत होतं. मोठा आवाज झाला, स्टिअरिंग जड झालं, आणि अखेर त्याच अरुंद शोल्डरला गाडी लावावी लागली, तीही आता इंजिनाशिवाय. वडिलांनी आयुष्यभर ज्या एका गोष्टीचं ज्ञान मिळवलं, तिच्याबद्दल ते दोनदा बोलले आणि मी ऐकलं नाही. पैशांच्या नुकसानीपेक्षा हे मला जास्त लागलेलं आहे.

पुढचं नुकसान डीलरच्या काउंटरवर झालं. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तरुण होता, बोलायला गोड होता. ऑइल वेळेवर बदलत होतात का, त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, घरीच बदलते, एखाददुसऱ्या वेळी उशीर झालाही असेल. खरं तर उशीर झाला होता असं मला आठवतही नव्हतं. आपण पडतं घेतलं की समोरचा माणूस नरमतो, अशी आपल्याकडची रीत. दुकानात, बँकेत, सरकारी कचेरीत मी तसंच बोलत आले. इथे त्याने ते वाक्य शब्दशः रिपेअर ऑर्डरवर टंकलं: ऑइल उशिरा बदललं, असं ग्राहकाचं म्हणणं. त्याखाली दुसरं: दिवा लागल्यावरही गाडी चालवली, असंही. मी न वाचता सही केली. त्याच पानावर असंही होतं, की इंजिन उघडून बघितल्यावर वॉरंटी मंजूर झाली नाही, तर उघडण्याची मजुरी गाडीमालकाने द्यायची.

काही दिवसांनी फोन आला. इंजिनात काळा चिकट गाळ सापडला आहे, देखभालीच्या नोंदी नाहीत, दावा नामंजूर. मी चिडले, आवाज चढवला, मग रडले. हे सगळं फोनवर. नकार लेखी द्या, कोणत्या कलमाखाली ते लिहा, उघडलेल्या इंजिनाचे फोटो पाठवा, यातलं एकही वाक्य मी बोलले नाही. नवरा शेजारी बसून खुणावत होता, लेखी माग. मी नकारार्थी मान हलवली. आता काय उपयोग, असं मला वाटलं. गाडीशिवाय कामावर जाता येत नव्हतं आणि मला ते प्रकरण संपवायचं होतं. दुसऱ्या गॅरेजमध्ये सॅल्व्हेज यार्डातून आणलेलं जुनं इंजिन बसवून घेतलं. काही हजार डॉलर गेले. आमचं मूळ इंजिन गॅरेजवाल्याने विचारून भंगारात दिलं. 'ठेवायचंय का?' असं त्याने विचारलं होतं. मी नको म्हटलं.

वाचायला बसले ती त्यानंतर. जे आधी कळायला हवं होतं ते आता एकेक हाती लागू लागलं. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा सांगतो, की ऑइल आमच्याच डीलरकडे बदललं पाहिजे किंवा आमच्याच ब्रँडचा फिल्टर घातला पाहिजे, अशी अट घालून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, ते काम किंवा तो भाग ती फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशा अटींबद्दल सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रंही पाठवली. म्हणजे ड्राइव्हवेत स्वतः ऑइल बदलणं हा माझा हक्कच होता. पण देखभाल न केल्याने इंजिन गेलं असेल तर त्याची जबाबदारी कंपनी नाकारू शकते, आणि देखभाल केली हे दाखवायला मालकाकडे कागद लागतो. न्यू जर्सीचा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी घेणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा, नव्या गाडीला पहिली दोन वर्षं किंवा २४,००० मैलांपर्यंत लागू होतो. जुन्या गाड्यांसाठी वेगळा कायदा आहे, त्यातली वॉरंटी जास्तीत जास्त ९० दिवसांची. दोन्ही मुदती माझ्या मागे पडल्या होत्या.

मग इतर मालकांचं काय झालं ते वाचलं. माझी गाडी या कंपन्यांची नव्हती, पण वाचताना माझंच बोलणं कानावर पडतंय असं वाटत होतं. टोयोटाच्या १९९७ ते २००२ च्या काही मॉडेलांमध्ये इंजिनात गाळ साचायचा. सुरुवातीला बोट मालकांकडेच गेलं, ऑइल वेळेवर बदललं नाही म्हणून. शेवटी २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३३ लाख गाड्यांच्या मालकांना कळवलं, की पहिल्या विक्रीपासून आठ वर्षं, कितीही मैल झाले तरी, गाळाने झालेलं नुकसान ती दुरुस्त करील.

ह्युंदाईचं प्रकरण त्याहून मोठं. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने २०११ आणि २०१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. अलाबामातल्या कारखान्यात क्रँकशाफ्टचं यंत्रकाम करताना निघालेला धातूचा चुरा पूर्ण साफ झाला नव्हता. तो ऑइलच्या वाटेत अडकायचा, बेअरिंगला ऑइल मिळायचं नाही, आधी ठोका यायचा आणि मग धावत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं. मार्च २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या त्यात आल्या. दरम्यान २०१६ मध्ये ह्युंदाईतलेच एक अभियंता किम ग्वांग-हो यांनी कंपनी दोष लपवतेय, हे अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेला, म्हणजे एन.एच.टी.एस.ए.ला, कळवलं होतं. त्यांची नोकरी गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर, स्थगित ठेवलेली रक्कम धरून, २१ कोटी डॉलरचा दंड ठरला, आणि २०२१ मध्ये त्याच यंत्रणेने किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं. कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीत त्या इंजिनांच्या मुख्य भागाला, शॉर्ट ब्लॉकला, आयुष्यभराची वॉरंटी मिळाली, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली असली तरी. पण आधी खिशातून केलेल्या दुरुस्तीचे पैसे परत मागायचे तर तिथेही कागद लागत होते. 'असाधारण हेळसांड' दिसली तर दावा नाकारण्याची सोयही त्या तडजोडीत होती.

किम यांच्याबद्दल वाचताना मला बाबा आठवत होते. कारखान्यातल्या माणसाला बेअरिंग का जातं ते कळतं, डेपोतल्या माणसालाही कळतं. किम यांनी जवळ कागद ठेवले होते, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं.

मग मी माझे कागद शोधायला लागले. आणि ते होते! क्रेडिट कार्डाच्या जुन्या स्टेटमेंटांत ऑटो पार्ट्सच्या दुकानाचे व्यवहार होते. ज्या मोठ्या दुकानातून ऑइल घ्यायचे, तिथे सभासदत्वावर खरेदीची नोंद राहते, ती मागितल्यावर यादी मिळाली. फोनमध्ये रॅम्पवर चढवलेल्या गाडीचे फोटो सापडले, तारखेसकट. मुलाने हौसेने काढलेले ते फोटो. एकात डॅशबोर्डवरचे मैल स्पष्ट दिसत होते. सगळं जुळवून लावलं, तेव्हा माझ्या काळातलं एकही ऑइल चुकलेलं नव्हतं. काउंटरवर मी जे म्हटलं होतं ते साफ चूक होतं, आणि तेच माझ्या सहीने नोंदलेलं होतं.

हे सगळं जोडून मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं: फेरविचारासाठी मूळ इंजिनाची तपासणी करावी लागेल, ते कुठे पाहता येईल?

बाबांना मी बरेच दिवस खरं सांगितलं नव्हतं. कंपनीशी बोलणं चालू आहे, एवढंच म्हणायचे. शेवटी सांगितलं, तेव्हा दिव्याचा किंवा एक्झिटचा त्यांनी विषयही काढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "उतरवलेलं इंजिन कुठंय?" भंगारात दिलं म्हटल्यावर मात्र ते रागावले, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच इतके. "कारण लिहिल्याशिवाय इंजिन भंगारात जातं होय? बेअरिंग हातात घेतलं असतं, तर ऑइलविना गेलं का चुरा अडकून गेलं, हे मी तुला सांगितलं असतं. चुऱ्याने गेलेल्या बेअरिंगवर ओरखडे दिसतात." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तू उशीर झाला म्हणालीस तरी कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. चांगलं वागावं म्हणून म्हणाले होते.

एन.एच.टी.एस.ए.कडे कोणताही गाडीमालक तक्रार नोंदवू शकतो. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. गाडीचा व्हिआयएन हा सतरा अक्षरी ओळख क्रमांक, मैल आणि काय झालं ते लिहायचं. एका मॉडेलच्या सारख्या तक्रारी साचल्या की चौकशी सुरू होऊ शकते, म्हणून इंजिन गेल्याच्या आठवड्यातच ती करायला हवी होती. मी फार उशिरा केली. पण केली. चढ, वेग, ठोका आधी आणि दिवा नंतर, हा क्रम बाबांना विचारून नीट लिहिला. दिवा लागल्यावर मी गाडी चालवत राहिले, हेही लिहिलं. ते गाळ, असं ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली होती. मी गाळलं नाही. ती तक्रार वाचणाऱ्या तंत्रज्ञाला ठोका दिव्याच्या आधी सुरू झाला होता, हे कळायला हवं असेल, तर दिव्यानंतरचे मैलही त्याला कळले पाहिजेत.